दर पंधरा मिनिटांनी चिमटा

सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई बघा! मी सातारकडची, ऊसवाल्याची पोर. नर्सिंग शिकायला सांगलीच्या एका दवाखान्यात आले, तवा महायुद्धाची लढाई चालू हुती. भाऊ पलटणीत गेला तर गावानं हार घातलं, आन मी निघाले तर चुलता म्हणाला, "लोकांची हागामुताची भांडी उचलायला चाललीस व्हय?"

दुसऱ्या वर्षी कवठेमहांकाळकडनं एक तरणा मेंढपाळ आणला. विहीर खोदताना वरनं दगडाची पाटी सुटली ती थेट डाव्या कानाच्या वर बसली. वाटेत बेशुद्ध हुता, पण गाडीतनं उतरवला तवा आईशी भांडत हुता. डोक्याचा एक्स-रे फोटो काढला तर कवटीला केसासारखी चीर.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हा तुझ्याकडं. दर पंधरा मिनिटांनी उठवायचं, बोलतं करायचं. नाडी बघायची, डोळ्यातल्या बाहुल्या बघायच्या. उठला नाही तर चिमटा काढायचा. आत रक्त साकळलं तर तो झोपल्यासारखाच दिसेल, पण नाडी उतरेल आणि एक बाहुली मोठी होईल."

आमच्याकडं आजारी माणूस झोपला की सगळं घर चवड्यावर चालतं. शेजारची बाई मोठ्यानं बोलली तरी भांडण! आन मी हितं चिमटं काढतीय.

"कशाला छळतीस गं माझ्या लेकराला?" त्याची आई म्हणाली. "तुला कुणी आई हाय का न्हाई?"

"हाय की. तिनंच धाडलंय मला," मी म्हणाले.

तो हसला. "आये, काढू दे गं चिमटा. तुझ्यापरीस बरी काढती!"

दुपारपातूर असंच चाललं. लढाईमुळं बॅटरीचं सेल मिळत नव्हतं, म्हणून मी डोळ्यावर उजेड टाकून लगीच मालवायची. मग परत गेले, तर आईनं त्याला गळ्यापातूर पांघरूण घातलेलं, आन स्वतः खाटंला पाठ लावून आडवी बसलेली.

"आत्ताच बोललाय माझ्याशी," ती कुजबुजली. "आता घोरतोय बघ कसा छान. आराम पडला."

मी मागं फिरले. खरंच फिरले, दोन पावलं! मग तो घोरण्याचा आवाज कानात शिरला. लय खोल, खरखरीत.

"आवं मावशी, सरका."

चिमटा काढला. न्हाई. जोरात काढला. न्हाई! उजेड टाकला तर डावी बाहुली ह्यी मोठी, उजेडाला हलंना. सकाळी ऐंशी असलेली नाडी छप्पन्नावर.

मी पळाले. डॉक्टर जेवत हुते.

"बाहुली कुठली?"

"डावी. मार बी डावीकडंच हाय. नाडी छप्पन्न."

त्यांनी ताट सारलं. मला वाटलं आधी येऊन बघतील, मग ठरवतील. तर म्हणाले, "डोकं भादर. मी हात धुतो."

माझ्या शब्दावर, गड्या! एका शिकाऊ पोरीच्या शब्दावर!

त्यांनी कवटीला भोक पाडलं. आत साकळलेलं काळं रक्त जांभळाच्या गरासारखं बाहीर आलं. मी मनगट धरून हुते, मोठ्यानं नाडी सांगत. छप्पन्न. साठ. चौसष्ट. माझ्या बोटाखाली माणूस माघारी येत हुता, आन ते सगळ्यांच्या आधी मला कळत हुतं.

बाहीर आई भिताडाला टेकून बसली हुती. मला बघून उठलीच न्हाई. नुसतं म्हणाली, "मी खोटं बोलले गं. तो बोललाच नव्हता."

"ठावं हाय मावशी," मी म्हणाले. "चला, बघायला. पर हळू बोलायचं न्हाई. मोठ्यानं हाक मारायची."