पिन कोडवरून सापडलेलं माहेर

मामाला यंदाची राखी मोबाइलवरूनच पाठवायची ठरली. वर्षानुवर्षं पाकिटावर लिहिलेला पिन कोड आईला तोंडपाठ होता. ती एकेक आकडा सांगत गेली, मी टाकत गेले. शेवटचा आकडा पडला आणि पुढचे रकाने आपोआप भरले. राज्य, जिल्हा, तालुका, आणि खाली उघडलेल्या गावांच्या यादीत चक्क चिंचदरा.

“आपलं चिंचदरा? दाखव बघू,” म्हणत आईनं चष्मा चढवला.

माहेर कुठलं असं कुणी विचारलं, की आई तालुक्याचंच नाव सांगते. एवढ्याशा गावाचं नाव घेतलं तर समोरचा “म्हणजे कुठं?” विचारणार, ही तिची खात्री. इथं मात्र कुणी तसं विचारलं नव्हतं. कुठं तरी बसून कुणी तरी आमच्या गावाचंही नाव त्या यादीत घातलं असणार. त्या न पाहिलेल्या माणसाचं मला फार कौतुक वाटलं.

घराचा रकाना तेवढा रिकामा होता. “मारुतीच्या देवळामागं, असं लिही,” आई म्हणाली.

संध्याकाळी शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बाई आल्या. बोलता बोलता त्यांनी आईला माहेर विचारलं.

“चिंचदरा,” आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.