ताईचं प्रायश्चित्त आणि कुंडाचं पाणी

ताईच्या मोठ्या दिरांचा मला मनापासून राग आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

धार जिल्ह्यात, सरदारपूरच्या खालच्या अंगाला, चुनखडीच्या टेकडीशी ताईच्या सासरचं देऊळ आहे. पूजा पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडेच. देवळामागच्या कुंडात खडकाच्या भेगेतून बारमाही पाणी येतं, आणि अभिषेकाचा तांब्या सोवळ्यात भरायचा मान घरच्या थोरल्या सुनेचा. दिरांचं लग्न झालेलं नाही, म्हणून तो ताईचा. तिनं तो वीस वर्षं एकदाही न चुकता भरला.

मागच्या थंडीत तिथली जमीन दोन-तीनदा हलकेच हादरली. फडताळातली भांडी वाजली, एवढंच. आठवड्याभरात कुंड आधी गढूळ झालं, मग आटलं. आणि खालच्या कोरड्या नाल्यात पाणी वाहू लागलं. दिरांनी लगेच निदान केलं : ताईचे चार दिवस पुरते झाले नव्हते, तरी तिनं तांब्या भरला. तांब्या धाकट्या जावेकडे गेला. ताईचा नवरा, आमचे भाऊजी, मान खाली घालून बसले.

मी देवासला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. दोन बस बदलून तिथे गेले. ओसरीवर बसून भांडी घासायच्या स्पंजला उभ्या-आडव्या चिरा पाडल्या आणि दिरांसमोर धरला.

"चुनखडीत पाणी भेगांमधूनच चालतं. हे बघा, डावी-उजवीकडून दाबलं की उभ्या चिरा मिटतात, आडव्या उघड्या राहतात. जमिनीतला दाब बदलला. तुमची भेग मिटली, नाल्याची उघडली. पुन्हा बदलला तर तुमचीही उघडेल."

"वो सब ठीक है, मॅडम," दीर पान चघळत म्हणाले. "पण दाब बदललाच का? चूक झाल्याशिवाय जमीन हलते काय?"

वीस वर्षांच्या माझ्या नोकरीत इतका माजोरी प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. वर त्यांनी अट घातली : ताईनं गावासमोर चूक कबूल करून प्रायश्चित्त घ्यावं.

ताई ठाम नाही म्हणाली. आणि मी शहाणी, तिला आत नेऊन समजावत बसले. "घेऊन टाक गं. तुझं काय जातंय? घरातली कटकट तरी थांबेल." मला संध्याकाळची बस गाठायची होती, हेही खरं. शेवटी ती "बरं" म्हणाली.

तिनं प्रायश्चित्त घेतलं. पंधरा दिवसांत जमीन पुन्हा हादरली आणि कुंड भरलं. दिरांचा मला मुद्दाम फोन आला, "देखा, मॅडम?" आता पंचक्रोशीत ताईची चूक सिद्ध झाली आहे. साक्षीला कुंड आहे.

मी तावातावानं ताईला फोन लावला. "अगं, मी म्हटलं तसंच झालं! दाब फिरला, म्हणून पाणी आलं."

"ते तुला आधीच माहीत होतं," ती म्हणाली. "मग मला कबूल का करायला लावलंस?"