रस्त्याकडे पाठ केलेली बाकडी

सुनंदाताईंची आणि माझी पहिली भेट एका हिरव्या पट्ट्यावरून झाली. लवळ्याच्या डोंगरावरच्या कॉलेजातून नगरनियोजनाची पदवी घेऊन मी त्यांच्या पिरंगुटच्या उद्यानरचनेच्या कार्यालयात मुलाखतीला गेले होते. सोबत माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. गृहसंकुलात नियमाप्रमाणे सोडावी लागते ती मोकळी जागा मी ओढ्याच्या काठाला दाखवली होती आणि हिरवी रंगवली होती. ताईंनी तो नकाशा बराच वेळ पाहिला.

"इथे बसलीस कधी?" त्यांनी विचारले.

"नाही. पण क्षेत्रफळ बरोबर आहे."

"क्षेत्रफळ नेहमीच बरोबर असतं, मृणाल," त्या म्हणाल्या आणि सोमवारपासून कामावर यायला सांगितले.

सोमवारी मला टेबल मिळाले नाही, घडीची खुर्ची मिळाली. ताईंची कामाची रीत त्यांच्या जवळच्या सर्वांना ठाऊक आहे. कोणत्याही बागेची पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या जागेवर दिवसभर बसतात. काही मोजत नाहीत, कुणाला प्रश्न विचारत नाहीत. कोण येते, कुठे थांबते, कुठे थांबत नाही, एवढेच पाहतात. ते पाहिल्यावर कागद काढतात. माझ्या शिक्षणात या पद्धतीला नाव नव्हते, त्यामुळे मला ती सुरुवातीला पद्धत वाटलीच नाही.

मला पाठवले ते घोटावड्याच्या बाजूला, रस्त्यालगतच्या एका सपाट मैदानावर. तिथे बाग व्हायची होती. उन्हात खुर्ची टाकून बसले, तेव्हा शेळ्या घेऊन एक बाई आल्या. त्या हिराबाई. त्यांच्या घरची बरीच जमीन विकली गेली आहे आणि उरलेल्या जागेत खोल्या बांधून त्या भाड्याने देतात. शेळ्या मात्र त्यांनी ठेवल्या आहेत.

"काय गं पोरी, सर्वेवाली हायेस व्हय?"

"नाही. नुसती बसलेय."

"बसायचा पगार देत्यात?" त्या हसल्या. "मंग आमच्या सूनबाईलाबी लाव की. ती बिनपगारी बसती."

संध्याकाळी हिराबाईंच्या भाडेकरू बायका आल्या. कुणी विदर्भातल्या, कुणी मराठवाड्यातल्या, दोघीतिघी हिंदी बोलणाऱ्या. सगळ्या एका ओळीत जमिनीवर बसल्या आणि सगळ्यांची पाठ रस्त्याकडे होती. रस्त्यावर हिंजवडीहून परतणाऱ्या कंपनीच्या गाड्यांची रांग लागली होती आणि त्यातली माणसे खिडकीतून बाहेर पाहत होती. बायका समोरच्या डोंगराकडे तोंड करून बोलत राहिल्या. मी हे ताईंना सांगितले. त्यांनी त्या दिवशी कार्यालयात माझ्यासाठी टेबल मागवले.

त्या बागेत सिमेंटची बाकडी बसवायची ठरली, तेव्हा ताईंनी प्रत्येक बाकड्याची पाठ रस्त्याकडे ठेवली. ठेकेदाराला वाटले, मीच नकाशा उलटा धरला आहे. त्याने सगळी बाकडी फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसवली. ताईंनी ती पुन्हा फिरवायला लावली. मग गावातल्या देणगीदारांची तक्रार आली. बाकडी त्यांनी घरातल्या दिवंगत माणसांच्या स्मरणार्थ दिली होती. बाकड्याने रस्त्याकडे पाठ फिरवणे त्यांना अपमानाचे वाटत होते.

ताई बैठकीला गेल्या. तिथे त्यांनी बायकांचा विषय काढलाच नाही. "नाव कुठे लिहिणार आहात?" एवढेच विचारले. नेहमीप्रमाणे पाठ टेकतो तिथे, असे उत्तर आले. "म्हणजे कुणी बसलं की तुमच्या वडिलांचं नाव झाकलं जाणार. त्यापेक्षा मागच्या बाजूला लिहा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस रस्त्यावरून वाचेल." बैठक तिथेच संपली. त्यानंतर आणखी बाकडी देणगीत आली. त्यात एक हिराबाईंनी आपल्या मालकांच्या नावाने दिले.

"जित्तेपनी कुटं धड बसला न्हाई," त्या नाव वाचून म्हणाल्या. "आता बस म्हनावं."

ताईंच्या माणुसकीबद्दल या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले असेल. मी एकच गोष्ट नोंदवते. इथे माझे नातेवाईक नाहीत. मी टायफॉइडने खोलीवर पडून होते तेव्हा ताई भेटायला आल्या नाहीत. त्यांच्या ओळखीचे रिक्षावाले काका मात्र रोज दुपारी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन येत. एक दिवस डब्याबरोबर माझा अर्धवट राहिलेला नकाशाही आला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले होते, "घाई नाही." माझी जागा अजून माझीच आहे, हे त्यांनी मला त्या दोन शब्दांत कळवले होते. त्या आठवड्यात मला दुसऱ्या कशाने बरे वाटले नाही.

गौरवलेखात यशाची यादी द्यावी लागते. ताईंनी आखलेल्या बागा पुष्कळ आहेत, पण त्या आज कशा आहेत हेही लिहायला हवे. एका बागेच्या फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नाही. एकीत पाण्याची टाकी उभी राहिली. एकीत व्यायामाची यंत्रे बसवली, त्यांवर आता कपडे वाळतात. ताई या बागा अधूनमधून पाहायला जातात. मी सोबत असते. कुलपापाशी त्या थोडा वेळ उभ्या राहतात आणि रिक्षात येऊन बसतात. "वाळत घालायला तरी लोक येतात," एवढेच त्या एकदा म्हणाल्या होत्या.

घोटावड्याकडची ती एक बाग तेवढी भरलेली असायची. मग रस्ता रुंद झाला आणि मैदानाच्या जागेवर व्यापारी संकुल करण्याचा प्रस्ताव आला. उद्यानाचे आरक्षण मागच्या डोंगरउतारावर हलवायचे होते. सुनावणीला ताई गेल्या, मी गेले आणि आम्ही न बोलावता हिराबाई आल्या.

अधिकारी सौजन्याने बोलले. "मॅडम, क्षेत्रफळात काहीच बदल नाही. उलट थोडं जास्तच मिळतंय."

"तुम्ही तिथे बसलात का?" ताईंनी विचारले.

अधिकारी हसले आणि त्यांनी चहा सांगितला.

"सायेब, च्या ऱ्हाऊ द्या," हिराबाई म्हणाल्या. "तितं शेळीबी बूड टेकत न्हाई. बायांनी कुटं टेकायचं?"

ताईंनी दोन्ही जागांचे उताराचे छेद, म्हणजे जमीन कुठे किती कलते ते दाखवणारी रेखाटने, पुढे ठेवले. ते मी काढले होते आणि त्यांत चूक नव्हती. निकाल आमच्या विरुद्ध गेला. आज मैदानाभोवती पत्र्याचे कुंपण आहे. बायका आता खोल्यांच्या जिन्यात बसतात. आरक्षणाच्या नकाशावर डोंगरउतार हिरवा रंगवला आहे.

कुंपण लागण्यापूर्वी ज्याची त्याने बाकडी उचलून न्यावीत, असा निरोप आला. काहींनी नेली आणि अंगणात ठेवली. हिराबाईंनी टेम्पो बोलावला आणि बाकडे डोंगराच्या पायथ्याशी उतरवून ताईंना फोन केला. "बागवाल्या बाई, तुमी सांगाल तितं ठेवती. घरी न्हाई न्यायची. घरात त्यो आदीबी कुनाला बसू देत नव्हता."

ताईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. तरी त्या हिराबाईंचा हात धरून चढल्या. मी खुर्ची नेली होती, पण उतारावर ती उभी राहीना. एका बाभळीजवळ एक बाकडे मावेल एवढीच सपाट जागा सापडली. टेम्पोवाल्यांनी बाकडे वर आणले आणि विचारले, तोंड कुठे करायचे. रस्ता खाली होता. रस्त्याकडे पाठ केली, तर बसणाऱ्यासमोर हाताच्या अंतरावर मातीची दरड येत होती. दरी दिसावी म्हणून फिरवले, तर सगळा रस्ता समोर येत होता.

ताईंनी एकदा दरडीकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहिले. "आत्ता कसंही ठेवा," त्या शेवटी म्हणाल्या. "मला इथे एक दिवस बसून बघावं लागेल."

हिराबाईंनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिले. "तुमी या. मी हाय हितं. वर चढवायचं आमचं काम."

तो दिवस अजून आलेला नाही. डॉक्टरांनी ताईंना चढायला मनाई केली आहे आणि बाकडे तिथे दरडीकडे तोंड करून उभे आहे. कधीतरी त्या उतारावर बायका बसतील, असा माझा अंदाज नाही, आणि या ग्रंथात तसे लिहिणे ताईंना आवडणार नाही. सुनंदाताईंना पंचाहत्तरीनिमित्त मी दीर्घ आयुष्य इच्छिते आणि त्याहून आधी चांगले गुडघे इच्छिते. खुर्ची मी तयार ठेवली आहे. तिच्या पुढच्या दोन पायांना उताराच्या मापाचे लाकडी ठोकळे लावून घेतले आहेत. त्यांनी यावे, दिवसभर बसावे आणि ते बाकडे कुठल्या बाजूला फिरवायचे ते आम्हांला सांगावे.