चार उभ्या खाचा

मिस्त्रींचं आपल्या साडूशी पटत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सासऱ्यांना आणि खुद्द साडूला. भांडण असं कधी झालंच नव्हतं. भांडायला समोरच्याला काहीतरी वाईट वागावं लागतं, आणि या पठ्ठ्याने तेवढीही सोय ठेवली नव्हती. भेटला की 'दादा, दादा' करत पुढे यायचा, हातातली पिशवी घ्यायचा, गुडघा कसा आहे म्हणून विचारायचा. मिस्त्री 'बराय' म्हणायचे आणि त्यांच्या पोटात दुखायला लागायचं.

मिस्त्री म्हणजे गवंडीकामातले नव्हेत, बॉयलरवाले. हिवाळ्यात इमारतीच्या तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांमधून घरोघरच्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि माणसं घरात स्वेटर काढून बसतात. त्यात काही बिघडलं की ज्यांना हाक मारायची, ते हे मिस्त्री. हात असा की गळका सांधा बोटांनी चाचपून सांगतील, आणि बॉयलर चालवणारे नवीन इलेक्ट्रॉनिक पॅनल आले तेव्हा तेही त्यांनी नाक न मुरडता शिकून घेतले. कामात त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती, स्वभावात मात्र थोडीफार होती.

साडूला या धंद्यात आणलं तेही मिस्त्रींनीच. मेहुणीचं लग्न ठरलं तेव्हा हा चपलांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसत असे. मिस्त्रींनी त्याला सोबत घेतलं, पाना कसा धरायचा इथपासून शिकवलं. पोरगं हुशार निघालं. एकच गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरली नाही. कुठलंही झाकण लावलं की मिस्त्री स्क्रू घट्ट करून झाल्यावर शेवटी किंचित फिरवून सगळ्यांच्या खाचा उभ्या करायचे, एका रेषेत. "काम कोणी केलंय ते झाकणावरून कळलं पाहिजे," असं ते म्हणायचे. साडू हसायचा. "स्क्रू घट्ट बसला ना दादा, मग खाच कुठेही बघेना का!" त्याच्या झाकणांवरच्या खाचा चार दिशांना चार तोंडं करून असायच्या. पाहिल्या की मिस्त्रींच्या डोक्याची शीर उठायची.

एवढं एक वाकडं सोडलं तर साडूचं सगळं सरळ होत गेलं, आणि सासऱ्यांचा तर तो लाडका झाला. सासरे म्हातारे, एकटे, जन्मभर शिंपीकाम केलेले. मिस्त्री त्यांच्या घरी गेले की ते उठून उभे राहायचे, खिडकीजवळची चांगली खुर्ची पुढे करायचे, "या जावईबापू, बसा" म्हणायचे. आणि साडू आला की? "आलास का रे गाढवा!" म्हणून त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा. तो धपाटा मिस्त्रींना आजवर एकदाही मिळाला नव्हता. ते चांगल्या खुर्चीत ताठ बसून त्या धपाट्याकडे बघत राहायचे. कोणी म्हणेल, पन्नाशीच्या माणसाला पाठीत मार खायची हौस कसली! पण होती, आणि चांगलीच होती.

या सगळ्यात मिस्त्रींकडे एक हुकमी पान होतं, ते म्हणजे सासऱ्यांच्या इमारतीच्या बॉयलरखोलीची किल्ली. तिथला जुना धूड बॉयलर वर्षानुवर्षं मिस्त्रीच सांभाळत. दर हिवाळ्यात सासरे शेजाऱ्यांना सांगायचे, "आमच्या थोरल्या जावयाची कृपा." वर्षातून एकदा का होईना, पण ते वाक्य मिस्त्रींच्या मालकीचं होतं.

मग तो धूड मोडीत निघाला. त्याच्या जागी भिंतीवर ओळीने चार छोटे कंडेन्सिंग बॉयलर बसले, आणि सोसायटीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं की यांची सेटिंग कोण करून देईल. सासरे म्हणाले, "आमचा धाकटा करेल. नव्या गोष्टी त्याला छान जमतात." मिस्त्रींना हे बायकोकडून कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, वर पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. अध्यक्षबाईंनी आणखी एक ठरवलं होतं: पहिला हिवाळा कसा जातो ते बघायचं आणि मग वर्षभराची देखरेख आणि किल्ली एकाच माणसाकडे द्यायची. तोवर एक किल्ली मिस्त्रींकडे, एक साडूकडे. मिस्त्रींना आता दुसरं काही दिसेना. किल्ली गेली तर त्या घरात आपल्याकडे काय उरणार? खिडकीजवळची खुर्ची.

साडूने सेटिंग केली आणि मिस्त्री दुसऱ्याच दिवशी ती तपासायला गेले. चूक काढायचीच म्हणून गेले होते. पॅनलचं वरचं दार उघडून त्यांनी एकेक आकडा पाहिला. इमारतीबाहेरच्या भिंतीवर सेन्सर बसवला होता, तोही सावलीत, खिडक्यांपासून लांब. बाहेर किती गार आहे ते त्याने सांगायचं आणि पॅनलने तेवढंच पाणी तापवायचं. गरज थोडी असेल तर एकच बॉयलर पेटणार, वाढली तर दुसरा, तिसरा. पहिली पाळीही दर आठवड्याला बदलणार, म्हणजे एकावरच भार नको. परत येणारं पाणी इतकं कोमट ठेवलं होतं की धुरातली वाफ आतच थंडावून थेंब थेंब नळीतून मोरीत पडत होती, म्हणजे उष्णता वाया जात नव्हती. एकही आकडा हलवावा असा नव्हता. आपण स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं, हे मिस्त्रींना कळलं आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

जाताना अध्यक्षबाई जिन्यात भेटल्या. "नवे बॉयलर आत्ताच गळतायत वाटतं," मिस्त्री सहज म्हटल्यासारखं म्हणाले. बाईंनी तडक साडूला फोन लावला. साडूने त्यांना ते थेंब का पडतात, पडणं चांगलं कसं, हे इतकं गोड समजावलं की बाई दोन दिवस ज्याला त्याला तेच समजावत फिरत होत्या. मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतरच्या आठवड्यात ते पुन्हा खाली उतरले. बायकोला म्हणाले, जुना मोठा पाना तिथे राहिलाय, घेऊन येतो. पाना खरंच तिथे होता. पण तो उचलायच्या आधी त्यांनी पॅनलच्या खालच्या झाकणाचे चार स्क्रू काढले, आतली सर्व्हिसची कळ दाबली आणि एक आकडा बदलला. बाहेरची थंडी वाढली की पाणी किती जास्त तापवायचं, त्याचा तो आकडा, ज्याला धंद्यात उतार म्हणतात. दीड होता, तो त्यांनी एकावर आणला. यातली मेख अशी की हवा सौम्य आहे तोवर कोणाला काही कळणार नव्हतं. कडाका पडेल त्या दिवशी मात्र पाणी पुरेसं तापणार नव्हतं आणि इमारत गारठणार होती. नाव कोणाचं जाणार? ज्याने सेटिंग केली त्याचं. मिस्त्रींचं काळीज धडधडत होतं, पण मनातून त्यांना उकळ्या फुटत होत्या. त्यांनी झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, पाना काखेत मारला आणि घरी आले.

कडाका पडला तेव्हा साडू कामासाठी दुसऱ्या गावी होता. इमारतीत सगळ्यात वरचा मजला आधी गारठतो, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर सासरे राहतात. हे मिस्त्रींना माहीत नव्हतं असं नाही. फक्त आकडा बदलताना ते त्यांनी मनात येऊ दिलं नव्हतं. म्हातारा कोट घालून स्वयंपाकघरात गॅसजवळ बसला. बोटं अशी आखडली की सुईत दोरा ओवता येईना.

"अहो, तुम्ही बघा ना जरा," बायको म्हणाली.

"ज्याचं काम त्याने बघावं. मी हात लावला तर त्याला वाईट वाटेल."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पण म्हातारा कुडकुडतोय हे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी त्यांनी विजेचा छोटा हीटर विकत घेतला आणि तीन मजले चढून स्वतः नेऊन दिला. वाटलं, आज तरी पाठीत बसेल.

सासरे कोट सावरत उठून उभे राहिले. "कशाला त्रास घेतलात, जावईबापू? बसा, बसा." आणि हीटरसमोर हात चोळत म्हणाले, "पोराची काही चूक नसणार हो. मशीनच नवीन आहे. तो आला की बघेल बरोबर."

मिस्त्री जिना उतरले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हते. आपण हीटर आणला, आणि कौतुक गावाला गेलेल्याचं!

साडू परतला तो बॅग घरी न ठेवता थेट तळघरात आला. अध्यक्षबाई शाल गुंडाळून उभ्या होत्या, सासरे हट्टाने खाली आले होते. मिस्त्रीही हजर होते, कारण हा तमाशा बघायलाच तर सगळा खटाटोप केला होता. साडू पॅनलसमोर गुडघ्यांवर बसला, स्क्रूड्रायव्हर पुढे नेला आणि थांबला.

मिस्त्रींनी त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. झाकणावरच्या चारही खाचा उभ्या होत्या. एका रेषेत. हाताने आपलं काम चोख केलं होतं, डोक्याला विचारलंही नव्हतं.

साडू जरा जास्तच वेळ त्या स्क्रूंकडे बघत राहिला. मग त्याने एकेक करून ते काढले, कळ दाबली, आकडा पाहिला, तो पुन्हा दीडवर नेला. थोड्याच वेळात दुसरा बॉयलर पेटला, मग तिसरा.

"काय झालं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"उतार कमी राहिला होता बाई," साडू उठत म्हणाला. "माझीच चूक. सेटिंग करताना नीट बघितलं नाही."

"मग तुमच्यावर वर्षभर कसं सोडायचं आम्ही?"

"माझ्यावर सोडूच नका. दादांकडे द्या. त्यांचं काम माझ्यापेक्षा नेटकं." त्याने खिशातून किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली. "त्यांनी लावलेलं झाकण बघा कधी. चारही खाचा एका रेषेत असतात. इतकी वर्षं झाली शिकतोय, मला जमत नाही."

बाईंनी चष्मा वर करून मिस्त्रींकडे कौतुकाने पाहिलं. हा टोमणा होता की मोठेपणा, हे मिस्त्रींना त्या क्षणी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. साडूचा चेहरा नेहमीसारखाच हसरा होता.

संध्याकाळी दोन्ही मुली, दोन्ही जावई सासऱ्यांकडे चहाला जमले. रेडिएटर चांगले तापले होते. सासऱ्यांनी कोट काढून खुंटीला टांगला होता. मिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते आणि खिशात दोन किल्ल्या होत्या. हवं ते सगळं मिळालं होतं. सासऱ्यांनी मात्र आल्या आल्या साडूच्या पाठीत धपाटा घातला, नेहमीपेक्षा जोरात, आणि हात तिथेच ठेवला.

"चूक सगळेच करतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण चारचौघांत कबूल करायला छाती लागते. हातचं काम गेलं तरी पोरगं खोटं बोललं नाही. जावईबापू, पाहिलंत ना?"

"पाहिलं," मिस्त्री म्हणाले.

आणि त्यांना असं काही झोंबलं, की असं आजवर झोंबलं नव्हतं. पाठीवरचा हात साडूचा, कौतुक साडूचं, ते तर रोजचंच होतं. पण ती चूक? चूक तर त्यांची होती! जिने उतरून, काळीज धडधडवून त्यांनी स्वतः केलेली. तीही या माणसाने उचलली आणि तिच्यावरही शाबासकी मिळवली. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. पश्चात्ताप वगैरे होता की नाही देव जाणे. त्यांना फक्त आपली वस्तू परत हवी होती.

"बाबा, तो आकडा मी बदलला होता," ते म्हणाले. "याने नाही. मी. मुद्दाम."

बायकोने डोळे मिटून घेतले. सासरे हळूहळू त्यांच्या खुर्चीपाशी आले, वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"अरे वेड्या!" असं म्हणून त्यांनी मिस्त्रींच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "साडूची लाज राखायला इतकं धडधडीत खोटं बोलतोस?"

मग हात त्यांच्या पाठीवर तसाच ठेवून ते साडूकडे वळले.

"बघ रे," ते म्हणाले, "तुझ्यामुळे यालाही वळण लागलं."