पहिली डोणी नदीची

झरीगडला लोक येतात ते तीन गोष्टी बघायला. डोंगराच्या पोटातली राजाची सोन्याची खाण, किल्ल्याचा उरलासुरला दरवाजा आणि नदीवर सोनं धुणारी गुणाबाई. मार्कंड्याच्या जत्रेहून परतणारे येतात, चंद्रपूर-नागपूरचे रविवारवाले येतात. शेजारच्या कमलाचा पोरगा निकेश त्यांना आपल्या जीपमधून फिरवतो. खाणीच्या तोंडाला आता लोखंडी जाळी आहे. आत वटवाघळं आणि मुताचा वास. जाळीला टेकून लोक फोटो काढतात आणि निकेश सांगतो, राजाच्या हत्तीच्या पायातले तोडे इथल्याच सोन्याचे होते. खाण बसली तेव्हा आत माणसं राहिली, हे तो सांगत नाही. ती गुणाबाईच्या नवऱ्याच्या, देवाजीच्या घराण्यातली माणसं. देवाजीला चालता येत होतं तोवर तो त्या जाळीपुढून जाताना चप्पल हातात घ्यायचा.

खाण मेली तेव्हा उरलेली माणसं नदीवर आली. लाकडाची डोणी, म्हणजे नावेच्या आकाराचं उथळ भांडं, त्यात रेती घ्यायची, पाणी घ्यायचं आणि हिसके देत राहायचं. हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. नदीनं हात आखडला की मसणवटा होताच. मेलेल्याच्या तोंडात लोक सोन्याचा तुकडा ठेवतात. चिता थंडावली, घरच्यांनी अस्थी वेचून नेल्या, की मागे उरलेली राख या घराण्याची. ती धुवायची, निघेल तो कण सोनाराकडे न्यायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पोटाचा धंदा होता.

पण या घरच्या दोन रिती फार कडक. पाऊस ओसरल्यावर नदीत उतरलं, की पहिली डोणी नदीची. तिच्यात काय आलं त्याचा लोभ धरायचा नाही. ‘घे माय’ म्हणायचं आणि तशीच पाण्यात उलटी करायची. आणि आपलं माणूस गेलं तर त्याच्या तोंडात ठेवायचं सोनं घरच्याच हातानं नदीतून काढलेलं पाहिजे. बाजारातलं नको, राखेतलं तर मुळीच नको. ‘राखेतलं सोनं एकडाव मेलेलं रायते,’ देवाजी म्हणायचा, ‘ते कोनाले पार नेईन?’

पुढे नदीत रेतीचे ट्रॅक्टर उतरले, मग टिप्पर उतरले. नदीचा तळ खरवडून खरवडून काळा खडक उघडा पडला. रेतीच नाही तर सोनं कुठलं? देवाजी गिट्टी फोडायला गेला आणि त्या धुळीनं छाती भरून घरी आला. तेव्हापासून तो खाटेवर पडून असायचा, खोकला आला की खाट हलायची. नदीनं दिलेला शेवटचा कण, तिळाएवढा, गुणाबाईनं चुन्याच्या डबीत जपून ठेवला होता. तो देवाजीच्या तोंडासाठी. रोज सांजेला देवाजी डबी मागायचा, उघडून बघायचा, परत द्यायचा. एवढीच त्याची चैन.

सोनं धुऊन दाखवायची शक्कल निकेशची. सुरुवातीला गुणाबाई नुसतीच रेती हलवायची. लोक जांभया देत. निकेश म्हणाला, ‘मावशी, काही चमकलं पायजे ना! गाडीवरून इतके दूर येतेत लोकं.’ देवाजीच्या दवाखान्याला पैसे लागतच होते. गुणाबाईनं मन घट्ट केलं. मूठभर रेतीत डबीतला कण लपवायचा, डोणी हलवायची, कोपऱ्यात तो चमकला की लोकांकडून ‘अरे वा’ घ्यायचं आणि बोटाच्या टोकानं उचलून पुन्हा डबीत. उन्हाळाभर हे चाललं. देवाजीला तिनं सांगितलं नाही.

पोळा झाला, पाणी ओसरलं आणि नागपूरचं एक कुटुंब आलं. त्यांना लगेच किल्ला बघायचा होता. निकेशनं घाई लावली. गुणाबाई पाण्यात उतरली, कण रेतीत टाकला, डोणी फिरवली. कण कोपऱ्यात आला, चमकला. एक बाई मोबाइल धरून वाकली. आणि गुणाबाईचे हात, जे पावसानंतर पहिल्यांदाच नदीत आले होते, त्यांनी डोणी उलटी केली.

‘घे माय,’ ती म्हणालीसुद्धा.

मग तिला कळलं. लोक जीपमध्ये बसून किल्ल्याकडे गेले तरी ती तशीच कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

त्यानंतर ती रोज पहाटेच नदीवर जाऊ लागली. खडकाच्या फटीतली रेती नखांनी काढून धुवायची. सांजेला देवाजीनं डबी मागितली की कधी म्हणायची हात खरकटे आहेत, कधी म्हणायची सकाळी दाखवते. असं किती दिवस चालणार? नदीकाठी एका मालदार म्हाताऱ्याची चिता जळली. घरचे अस्थी घेऊन गेल्यावर गुणाबाईनं राख धुतली. कण निघाला. तो तिनं डबीत ठेवला आणि डबी देवाजीच्या हातात दिली. नुसतं बघण्यापुरतं, असं तिनं मनाला सांगितलं.

देवाजीनं कण बघितला, जिभेच्या टोकावर ठेवला, लगेच काढला.

‘हे आपलं नाई.’

‘काऊन नाई?’

‘राखेचं हाये. आपलं कुठी गेलं?’

तिनं सगळं सांगितलं. निकेशचं, लोकांचं, डोणीचं. देवाजी आवाज न करता हसला आणि हसण्याचा खोकला झाला.

‘हातानं तं रीत पाळली,’ तो दम खात म्हणाला. ‘त्याले का मालूम, तू तमाशा करून राह्यली म्हून.’ कण डबीत टाकून त्यानं डबी तिला परत दिली. ‘रंजीताची माय, मले रिकामं जाऊ दे. पन हे नको. जलमभर मेलेल्यायचं जे धुतलं, ते माह्या तोंडात नको टाकू.’

गुणाबाईनं हो म्हटलं. डबी खाटेखाली सरकवली आणि सकाळी कमलाला त्याच्यापाशी बसवून ती पुन्हा नदीवर गेली.

ती नसतानाच देवाजी गेला. निरोप पोचला तेव्हा ती गुडघे टेकून एका फटीत हात घालून बसली होती. घरी आली तर अंगणात बांबू कापले जात होते, वडशाला दिलेल्या लेकीला, रंजीताला फोन गेला होता, बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. कमलानं तिला जवळ घेतलं.

‘फिकर नको करू, बाई. पानी पाजलं मी. आन डबीतलं सोनंबी घातलं तोंडात. त्याचं त्याले भेटलं.’

गुणाबाई तिच्या हातातून सुटली. देवाजीपाशी बसली. एका हातानं त्याची हनुवटी धरली, जबडा खाली ओढला आणि दोन बोटं आत घातली. बाया रडायच्या थांबल्या. जबडा जड होऊ लागला होता. तिनं जोर लावला. जिभेखाली, गालात चाचपून तिनं कण बाहेर काढला.

दारात बिडी धरून उभा असलेला म्हातारा झिंगू म्हणाला, ‘आगीची तरी वाट पाहाची होती, गुणाबाई. आतावरी तं राखेतलंच काढत होते तुमी.’

कोणीतरी त्याला गप्प केलं, पण मनातून सगळ्यांना तेच वाटत होतं. निकेश मान खाली घालून बांबूच्या गाठी आवळत होता. त्याला विचारलं असतं तर डबीतला खरा कण नदीत कसा गेला ते त्यानं सांगितलं असतं, पण त्याला कोणी विचारलं नाही आणि गुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिनं कण कमलाच्या हातावर ठेवला आणि तो कोणाच्या राखेतला, कोणाच्या घरचा ते सांगितलं. मग पदराची पट्टी फाडली आणि देवाजीची हनुवटी डोक्याशी बांधली, घट्ट, पुन्हा कोणाला उघडता येऊ नये अशी.