नाल्याकाठचा अर्धा एकर

मोहगावजवळच्या गुणवंताने १९८३च्या पावसाळ्यात आपल्या साडेतीन एकरांतला अर्धा एकर रानातल्या जनावरांसाठी पेरला. शेताच्या कडेने नाला, नाल्यापलीकडे जंगल. शिकारीवर बंदी येण्याआधी बारा वर्षं तो बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना माग दाखवायला जायचा. खूर पाहून जनावर केव्हा गेलं, कुठे थांबेल, हे तो सांगायचा.

बंदीनंतर डुकरं वाढली. सलग दोन वर्षं त्यांनी भुईमूग उकरला. गुणवंता रोज सकाळी पावलं पाहत फिरायचा. जनावराने नाला ओलांडला की ते पहिलं जे मिळेल ते खातं, पोट भरलं की परततं, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून नाल्याला लागून त्याने लवकर येणारी ज्वारी आणि बरबटी, म्हणजे चवळी, पेरली. भुईमूग गावाकडच्या बाजूला नेला.

त्याची बायको यमुना चिडली. "आपल्या घरात चार तोंडं, अन् तुमी डुकराईले पेरून राहिले?"

"एक साल पाहू," तो म्हणाला.

त्या साली भुईमूग बराचसा घरी आला. ज्वारीत मात्र डुकरांसोबत चितळं आणि मोरही यायला लागले. सौंसरचे मुकुंद मास्तर सायकलवर येऊन बांधावर तासन् तास बसायचे. पाखरं पाहायचे, वहीत लिहायचे. गुणवंताला त्याचं हसू यायचं, पण तोही शेजारी बसायचा. बारा वर्षांत त्याने चितळ निवांत चरताना कधी पाहिलंच नव्हतं.

शेजारच्या शेताचे नत्थूजी वयाने मोठे. त्यांच्याकडे जुनी, ठासणीची भरमार बंदूक होती. पुढच्या कार्तिकात त्यांनी आपल्या बांधावरच्या मोहावर मचाण बांधलं. गुणवंताने विचारलं तर म्हणाले, "तूच चटक लावली. माह्या तुरीत शिरतात. आता आयतीच समोर येतात, तर मारतो."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना चितळाची मादी पाडसासकट नाला चढून आली. मचाणावर नत्थूजी सावरून बसले. गुणवंता सरळ ज्वारीत शिरला आणि मधोमध उभा राहिला. चितळं उधळली.

"हट तिथून!" नत्थूजी ओरडले. "गोळी लागंल!"

"नाही हटत. बारा वर्षं मी दाखवली अन् लोकाईनं मारली. त्याचं मले काही वाटलं नाही. पण हे म्या खायला बोलावले हायत, नत्थूजी."

नत्थूजी खाली उतरले, शिव्या देत घरी गेले.  गुणवंता तिथेच ढेकळावर बसला.

पुढे आठ दिवस तो रोज संध्याकाळी ज्वारीत जाऊन उभा राहिला. नवव्या दिवशी मचाणाची लाकडं नत्थूजींच्या चुलीकडे गेली. बोलणं मात्र दोन वर्षं बंद होतं. नत्थूजींच्या तुरीचं नुकसान खोटं नव्हतं, हे गुणवंताला माहीत होतं. त्याने तिकडच्या बांधावर काट्यांचं कुंपण स्वतः घातलं. डुकरं तरी अधूनमधून शिरायचीच.

१९८८मध्ये बैलाच्या धक्क्याने गुणवंताचा हात मोडला. पेरणी तोंडावर आली होती. वेगळी पेरणी झेपणार नाही, नाल्याकाठच्या तुकड्यातही यंदा भुईमूगच टाकू, असं तो स्वतःच म्हणाला. यमुनाने बरबटीचं बियाणं ओटीत घेतलं.

"मंग डुकरं कुठी जातीन?" ती म्हणाली आणि नाल्याकडे निघाली.