चांदीची रिकामी डबी

बाळीवेशीत सिद्धलिंगप्पांचं ज्वारीचं दुकान. गिऱ्हाइकानं फार घासाघीस केली, की हा माणूस मुकाट्यानं पोत्याचं तोंड बांधून टाकायचा. असल्या हट्टी माणसाशी रत्नम्मांनी संसार केला, तोही बहुतेक हसत. गळ्यातल्या डबीतलं लिंग मात्र हट्टाच्याही पलीकडचं. रोज सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि अंगावेगळं तर कधीच नाही. माणूस गेला तरी त्यांच्यात ते त्याच्या डाव्या तळहातावर ठेवूनच त्याला पुरतात.

परवा दुकानात बसल्या बसल्या अप्पांच्या पाठीतून कापड टरकावल्यासारखी कळ गेली. काळजातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून चिरली आहे, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, शिवानीला, समजावलं. चीर कुठवर गेलीय हे दिसलं तरच पुढचं ठरणार होतं. मूत्रपिंडं आधीच थकलेली, म्हणून औषध टोचून सीटी स्कॅन नको, एमआरआय करू म्हणाले.

तिथल्या टेक्निशियननं धातूचं सगळं काढायला सांगितलं. अंगठी निघाली. लिंगाच्या चांदीच्या डबीवर मात्र अप्पांनी मूठ आवळली.

"हे मेल्यावरबी निघत न्हाय."

"अप्पा, तासाभराचंच काम हाय की," शिवानी रडकुंडीला आली.

"मग तूच जा की आत."

रत्नम्मांनी त्यांच्या उपरण्याची पट्टी फाडली. दगड चालेल ना, म्हणून टेक्निशियनला विचारून घेतलं. मग डबीतलं लिंग काढून पट्टीत गुंडाळलं आणि नवऱ्याच्या गळ्यात गाठ मारत म्हणाल्या, "घ्या, बांधलं पोत्याचं तोंड."

अप्पा हसले. ते हसले म्हणजे सगळं निभावेल, असं रत्नम्मांना उगाच वाटून गेलं. आत यंत्र ठोकत राहिलं, बाहेर त्या डबी पदरानं पुसत बसल्या.

चीर खाली मूत्रपिंडांपर्यंत गेली होती, आणि वर थेट काळजाशी भिडली होती. एवढं ऑपरेशन हे शरीर सोसणार नाही, त्यासाठी पुण्यापर्यंतचा रस्तासुद्धा नाही, असं डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. दुखणं तेवढं कमी ठेवू. शिवानीनं आत जाऊन अप्पांना सांगितलं, गोळ्यांनी उतार पडेल. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली.

संध्याकाळी लिंग पुन्हा डबीत घालायला रत्नम्मा खाटेशी आल्या, तर अप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

"कापडातच ऱ्हाऊ दे. हातावर ठेवताना तुला डबी उघडत बसायला नको."

एरवी रत्नम्मांनी काहीतरी टोमणा मारला असता. आता त्यांनी डबी मिटली आणि पिशवीत तळाशी सारली.